सीमाभागातला मराठी शिक्षक आमदार व्हायचं म्हणतो, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी हायस्कूलमध्ये ११ वर्षं शिकवणारे एक शिक्षक विचारतात: "शाळांची अवस्था बघवत नाही. आमदार झालो तर काही करता येईल असं वाटतं. शिक्षक मतदारसंघातून जावं की विधानसभा लढवावी? शिक्षकी पेशाचा तिथं खरोखर उपयोग होतो का? आणि त्यासाठी नोकरी सोडावी का?"

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नोकरी आत्ता सोडू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, सावकाश वाचा.

मी ३१ वर्षं मराठी माध्यमात गणित शिकवलं, त्यातली शेवटची ७ हेडमास्तर म्हणून. निवृत्तीनंतर ९ वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात शिक्षण खात्याचं काम बघितलं. लोकांचे अर्ज, खात्याला पत्रं, अधिवेशनाचे प्रश्न, आलेल्या उत्तरांची छाननी, हे सगळं माझ्याकडे होतं. आमदार सभागृहात उभा राहतो ते सगळ्यांना दिसतं. त्याआधी काय काय व्हावं लागतं, ते मी जवळून बघितलंय.

तुम्ही दोन वाटा एका दमात लिहिल्यात, पण त्या फार वेगळ्या आहेत. कर्नाटकाच्या विधानसभेत २२४ जागा, त्यातल्या १८ आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या. विधान परिषदेत ७५ सदस्य, आणि त्यातले फक्त ७ शिक्षकांनी निवडून दिलेले. आपला मतदारसंघ वायव्य शिक्षक मतदारसंघ. त्यात बेळगाव, विजापूर आणि बागलकोट असे तीन जिल्हे येतात. म्हणजे कणकुंबीच्या घाटापासून पार इंडी-सिंदगीपर्यंत. इथल्या मतदारयादीत मराठी माध्यमाच्या शिक्षकांची मतं किती असणार, याचा हिशोब तुम्हीच करा. फक्त 'मराठी शिक्षकांचा उमेदवार' म्हणून उभं राहून ही जागा निघत नाही. विजापूरच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांनाही तुम्ही आपले वाटायला हवेत, आणि पेन्शन, अनुदान, रिक्त पदं ही त्यांचीही दुखणी आहेतच.

या यादीत नाव कुणाचं येतं तेही नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे त्यावर मोठा गैरसमज आहे. घटनेच्या १७१व्या कलमाप्रमाणे माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या संस्थेत शिकवणाऱ्याला इथं मत नाही. आधीच्या ६ वर्षांत मिळून ३ वर्षं शिकवलेलं असावं लागतं, राहणं त्या मतदारसंघात असावं लागतं आणि संस्था राज्यातली असावी लागते. म्हणजे पहिली ते सातवीच्या मराठी शाळा ज्यांच्या जिवावर चालतात, त्या प्राथमिकच्या गुरुजींना आणि बाईंना शिक्षक आमदार निवडण्याचा हक्कच नाही. सीमाभागात मराठीचं भवितव्य ठरतं ते या प्राथमिक शाळांत, आणि तिथलेच शिक्षक यादीबाहेर. ही गोष्ट मला आजही सलते.

निपाणीची गंमत नाही, व्यथा सांगतो. देवचंद कॉलेज निपाणीला अगदी लागून, पण ते अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीत राहून तिथं शिकवणाऱ्या प्राध्यापकाची संस्था कर्नाटकात नाही म्हणून वायव्य मतदारसंघात नाव नाही, आणि राहणं महाराष्ट्रात नाही म्हणून पुणे शिक्षक मतदारसंघातही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या फेररचनेत आखलेली रेघ माणसाच्या घरातून आणि नोकरीतून कशी जाते, ते यात दिसतं.

यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं धरू नका. फॉर्म १९ भरायचा, संस्थाप्रमुखाचा सेवेचा दाखला जोडायचा. १ नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख. आपल्याकडे मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली, मुदत ६ वर्षांची, म्हणजे नेहमीच्या क्रमाने पुढची २०२८ मध्ये. याद्यांचं काम २०२७ च्या हिवाळ्यात येईल. उमेदवार व्हायचं असो वा नसो, त्या वेळी तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक मराठी हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये जाऊन फॉर्म भरून घ्या. मी बघितलंय, पंधरा जणांच्या स्टाफमध्ये चौघांचीच नावं यादीत असतात.

मतदानाचंही सांगून ठेवतो. इथं बटण नाही. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच उमेदवारासमोर पसंतीचा आकडा लिहायचा. १ लिहिलाच पाहिजे, पुढचे आकडे ऐच्छिक. आकडा मराठीतला चालतो, पण 'एक' असं अक्षरात लिहिलं, टिकमार्क केली किंवा खिशातलं पेन वापरलं की मत बाद. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाहेर काढत जातात आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटतात. म्हणून प्रचारात दुसऱ्या पसंतीला फार किंमत आहे. ज्या शिक्षकाने आधीच कुणाला शब्द दिलाय त्याच्याकडेही जायचं आणि दुसरा आकडा मागायचा.

आता एक कटू गोष्ट. शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. पदवीधर मतदारसंघाचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही असा निकाल १९७२ मध्ये लागला. आपल्या मतदारसंघातून २०२२ मध्ये प्रकाश हुक्केरी निवडून आले. मंत्री आणि चिक्कोडीचे खासदार राहिलेले ते मुरलेले राजकारणी. त्यांनी त्या वेळचे आमदार अरुण शहापूर यांना हरवलं. हुक्केरींविषयी मला काही वावगं म्हणायचं नाही. पण पक्षाची यंत्रणा, तिन्ही जिल्ह्यांतली माणसं आणि संस्थाचालकांशी असलेले संबंध या मतदारसंघातही किती मोजतात, हे त्यातून कळतं. दुसऱ्या बाजूला शेजारच्या पश्चिम शिक्षक मतदारसंघातले बसवराज होरट्टी बघा. हुबळीच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १९८० मध्ये पहिल्यांदा परिषदेवर गेले आणि २०२२ मध्ये आठव्यांदा निवडून आले. मधल्या काळात शिक्षणमंत्री झाले, सभापती झाले. पक्षही बदलला, तरी मतदार टिकला. शिक्षकांच्या संघटनेत वर्षानुवर्षं राबल्याशिवाय असं होत नाही.

विधानसभेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं शिक्षकी पेशापेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त चालतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. आपापसातली फूट हे त्याचं मोठं कारण, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. समितीतून लढायचं की राष्ट्रीय पक्षातून, हा तुमच्या मनाचा प्रश्न आहे, त्यात मी बोलणार नाही. कुठूनही गेलात तरी शाळेचं काम त्याच पद्धतीने करावं लागतं, आणि माझा अनुभव त्याच कामाचा आहे.

शिक्षकी पेशाचा उपयोग काय, हे एका प्रसंगावरून सांगतो.

आमदारांकडे पहिल्याच वर्षी आम्ही एक तारांकित प्रश्न दिला. 'खानापूर तालुक्यातील मराठी शाळांची दुरवस्था सरकारच्या निदर्शनास आली आहे काय?' मीच लिहिला होता आणि तेव्हा मला तो जोरदार वाटला होता. उत्तर दोन ओळींचं आलं. आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे. संपलं. 'दुरवस्था' मोजता येत नाही, त्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही काही मोजून द्यावं लागलं नाही.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी, जुलैत, मी कणकुंबीच्या बाजूच्या एका शाळेत गेलो. पाऊस असा की दोन हातांवरचं दिसत नव्हतं. दाराशी खिळ्यांना मुलांची इरली टांगलेली, खाली पाण्याचं तळं. आत एकच बाई. त्यांनी फळ्यावर खडूने रेघा मारून चार भाग केले होते. एका भागात पहिलीचं मुळाक्षर, एकात तिसरीचा पाढा, एकात पाचवीची कन्नडची बाराखडी, चौथ्या भागात अपूर्णांकाचं गणित. एका भागातल्या मुलांकडे वळल्या की बाकीच्या तीन भागांतल्या मुलांनी आपलं आपण लिहायचं. दुपारी अक्षर दासोहचा, म्हणजे सरकारी शालेय जेवणाचा, भात वाढायलाही त्याच. मी विचारलं, दुसरे सर कुठं आहेत? बाई म्हणाल्या, "ते कागदावर इथंच आहेत, सर." मग त्यांनी मस्टर काढून दाखवलं. दुसऱ्या शिक्षकाच्या नावापुढं चौदा महिने एकही सही नव्हती.

त्या अधिवेशनात आम्ही वेगळा प्रश्न दिला. शाळावार मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातले आज त्याच शाळेत प्रत्यक्ष शिकवणारे किती, आणि त्यातल्या किती जणांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. या वेळी उत्तरासोबत कित्येक पानांचा तक्ता आला. सगळा कन्नडमध्ये. त्यात आमच्या शाळेपुढं लिहिलेलं, मंजूर २, कार्यरत २. शेवटच्या रकान्यावर 'नियोजने' असं शीर्षक होतं. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि नियोजन, म्हणजे पुढचा काही आराखडा असेल, असं समजून सोडून दिलं. आमदारांना पुरवणी प्रश्न विचारता आला नाही, कारण तक्ता बघता दोन्ही पदं भरलेली होती. ते अधिवेशन तसंच गेलं.

नंतर कार्यालयातल्या एका कन्नड सहकाऱ्याने सांगितलं की खात्याच्या कागदात 'नियोजने' म्हणजे डेप्युटेशन, पद एका शाळेत आणि काम दुसरीकडे. सगळं उत्तर त्या रकान्यात होतं! आमच्या शाळेचे दुसरे सर शहरालगतच्या एका शाळेवर डेप्युटेशनला होते. त्या एका रकान्यात तालुक्यातल्या अशा कितीतरी जागा खात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिल्या होत्या आणि मला त्या वाचता आल्या नाहीत. त्या बाईंना आणखी काही महिने एकटीने वर्ग ओढावे लागले, ते माझ्या न वाचण्यामुळे. हे मी अजून विसरलो नाही. पुढच्या अधिवेशनात आमदार उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात तो तक्ता आणि दुसऱ्या हातात मस्टरची झेरॉक्स होती. पुरवणी प्रश्न एकाच वाक्याचा होता. महिन्याभरात डेप्युटेशन रद्द झालं.

यातून तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर येतं. शिक्षकाला हजेरी घ्यायची सवय असते. कोण आहे, कोण नाही, कधीपासून नाही, हे तो बघतो. मस्टर कसं वाचायचं, पटसंख्या कुठं फुगवलेली असते, दोन खोल्यांत सात वर्ग म्हणजे नेमकं काय, हे वकिलाला किंवा कंत्राटदाराला समजावून सांगावं लागतं. तुम्हाला ते माहीत आहे. ही तुमची खरी शिदोरी. आमदाराला वर्षाला २ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातून खोल्या बांधता येतात, कोनशिला लागते. त्यातून शिक्षकाचा पगार देता येत नाही. शिक्षक मिळवायचा तर मंजूर पद आणि रिक्त पद या दोन आकड्यांवरच भांडावं लागतं.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्या काही मंडळींना आवडणार नाही, तरी लिहितो. तुम्हाला कन्नड वाचता आलंच पाहिजे. बोलण्यापुरतं येतं, तेवढ्यावर भागत नाही. सरकारी कागदाचं कन्नड वाचता यायला हवं. 'मंजूराद हुद्दे' म्हणजे मंजूर पदं, 'खाली हुद्दे' म्हणजे रिक्त पदं, 'सुत्तोले' म्हणजे परिपत्रक, 'नियोजने' काय ते वर सांगितलंच. मी त्या प्रसंगानंतर साठी उलटल्यावर रोज एक परिपत्रक घेऊन बसायला लागलो. कन्नड वाचल्याने माझं मराठीपण तसूभरही कमी झालं नाही. उलट मराठी शाळेची बाजू मला पहिल्यांदा नीट मांडता आली. परिपत्रकं मराठीतून मिळावीत ही मागणी सोडायची नाही, भाषिक अल्पसंख्याकांचा तो हक्क आहे. घटनेचं ३५० क कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्याला सांगतं. २१०व्या कलमाप्रमाणे ज्याला सभागृहाच्या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. हे सगळं पाठ असू द्या. पण हक्क मिळेपर्यंत फाइल बंद राहता कामा नये.

बोलण्याविषयी एक गोष्ट मला प्रा. एन. डी. पाटलांकडून शिकायला मिळाली. ते मूळचे प्राध्यापक, रयत शिक्षण संस्थेचे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत १८ वर्षं होते, विधानसभेतही होते, १९७८ मध्ये सहकारमंत्री झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये जाईपर्यंत सीमाप्रश्नाला वाहिलेले राहिले. ते दुसऱ्या राज्याच्या विधिमंडळात होते, पण माझ्यासारख्याला तेच आपले आमदार वाटायचे. बेळगावच्या सभांत मी त्यांना ऐकलंय. आवाज चढला तरी बोलण्याला अभ्यासाचा पाया असायचा. आपण शिक्षक वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटं बोलतो, एकच मुद्दा तीनदा सांगतो, समोरचा गप्प बसणार हे गृहीत धरतो. सभागृहात यातलं काहीच चालत नाही. पुरवणी प्रश्नाला मोजकी सेकंदं मिळतात. तिथं मान्यवरांना वंदन, पार्श्वभूमी, सुभाषित यात वेळ घालवला तर मंत्री प्रास्ताविकालाच उत्तर देऊन बसतात. मी आमदारांकडून प्रश्न आदल्या रात्री मोठ्याने वाचून घ्यायचो. एका श्वासात बसला नाही तर कापायचो.

आणखी एक सांगायला हवं. 'शिक्षणाची पार्श्वभूमी' हा शब्द सैल आहे. बेळगावची केएलई संस्था १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी सुरू केली, आणि आज तिचा पसारा बघा. पुढं शिक्षण संस्था आणि राजकारण आपल्या जिल्ह्यात हातात हात घालून वाढलं. प्रभाकर कोरे चार दशकं केएलईचे अध्यक्ष राहिले आणि राज्यसभेतही गेले. संस्था उभी करणं हे मोठंच काम आहे. पण संस्थाचालकाला दिसणारी शाळा आणि मस्टरवर सही करणाऱ्याला दिसणारी शाळा सारखी नसते. अनुदानाच्या प्रश्नावर दोघं एकत्र येतात, सेवाशर्तींवर त्यांचं बिनसतं. तुम्ही निवडून गेलात आणि एखाद्या विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार संस्थेने थकवला, तर तुम्ही कुणाच्या बाजूने पत्र लिहिणार? निवडणुकीला त्याच संस्थाचालकाची मदत घेतलेली असेल तर ते पत्र लिहिताना हात अडतो. मी एकदा असं पत्र तयार करून दिलं होतं. ते गेलं नाही. म्हणून मदत कुणाची घ्यायची नाही, हे आधी ठरवून ठेवा.

शिफारसपत्रांचंही तसंच. आमदाराच्या दारात शिक्षक सगळ्यांत जास्त येतो तो बदलीसाठी. बदल्यांसाठी २००७ चा कायदा झाला, मग २०२० चा. आता बदल्या कौन्सेलिंगने होतात, ए, बी, सी असे झोन आहेत. तरी पत्र मागायला रांग असते. ज्याला खानापूरच्या जंगलातून शहराकडे यायचंय त्याची अडचण खरी असते, म्हातारे आईवडील असतात, लहान मूल असतं. पण त्याला पत्र दिलं की त्या फळ्याचे चार भाग करणाऱ्या बाई एकट्या पडतात. आमच्या आमदारांनी नियम केला होता, बदलून जाणाऱ्याच्या जागी येणारा ठरल्याशिवाय पत्र नाही. त्यांची त्यामुळे मतं गेली असतील. तो नियम योग्यच होता.

आता नोकरी. तुम्ही सरकारी शिक्षक आहात, तेव्हा उमेदवारी अर्ज भरण्याआधी नोकरीतून मोकळं व्हावं लागेल. सरकारी लाभाचं पद असताना १९१व्या कलमाप्रमाणे आमदार राहता येत नाही आणि सेवानियम निवडणूक लढवू देत नाहीत. नुसता राजीनामा दिला तर मागची सेवा हातची जाते, म्हणून स्वेच्छानिवृत्तीत कधी बसता ते आधी सेवापुस्तक घेऊन जाणकाराला विचारा. तुम्ही १ एप्रिल २००६ नंतरचे, म्हणजे नव्या पेन्शनमधले. घरी याचा हिशोब मांडून बोला, वहिनींना अंधारात ठेवू नका. परिषदेसाठी वयाची अट ३० आहे, ती तुमची झालेली असणार. पक्षाच्या व्यासपीठावर आत्ता जाऊ नका, नोटीस यायला एक फोटो पुरतो. संघटनेत काम करा, तिन्ही जिल्ह्यांत फिरा. शाळांची माहिती लागली तर पालकांना, शाळा सुधारणा समितीला माहिती अधिकारात अर्ज करायला शिकवा.

आणि एक वही घाला. शाळेचं नाव, मंजूर पदं, मस्टरवर सही करणारे, डेप्युटेशनवर गेलेले आणि कधीपासून, मराठी माध्यमातले किती, पट किती, खोल्या किती, एवढे रकाने पुरे. दर वर्षी त्याच महिन्यात भरा म्हणजे तुलना करता येईल. सुरुवात कणकुंबी, आमगाव, गवाळी, पास्तोलीच्या बाजूने करा. शाळा उघडल्या उघडल्या, ओढे भरायच्या आत जाऊन या. नंतर दोन-अडीच महिने तिकडची वाट बंद असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथं शिक्षक आहे की नाही हे विचारायला कुणी जात नाही.